आपोआप बरा झालेला बिघाड

हॉस्टेलच्या ट्यूबलाइटचा नियम तुम्हाला माहीत आहे. इलेक्ट्रिशियन स्टुलावर चढला की ती लख्ख पेटते, तो जिना उतरला की पुन्हा फडफडायला लागते. चार्जरची वायर, गाडीचा स्टार्टर, इअरफोनची एक बाजू, लॅबमधला प्रोजेक्टर, सगळ्यांची तीच तऱ्हा. पूर्ण बंद पडलेली वस्तू परवडली. ती बंद आहे हे कळतं, आपण ती बदलतो. अधूनमधून बिघडणारी वस्तू मात्र आपल्याला सवय लावते. दोन टपल्या मारा, चालू होईल. होतेही. मग हळूहळू आपण तिच्याकडे लक्ष देणंच सोडतो.

ट्यूबलाइटपुरतं हे ठीक आहे. पण हाच स्वभाव रेल्वेच्या सिग्नलला लागला तर? प्रश्न गंभीर आहे आणि तो आज या पानावर घ्यायचं कारण आहे गेम. रेल्वे सिग्नलिंगचे गेम आता आपल्यातले बरेच जण खेळतात, काही जण बनवायलाही लागलेत. त्यांत गाड्या खऱ्या वाटतात, वेळापत्रक खरं वाटतं, पॅनेलवरचे लाल-पिवळे दिवे तर हुबेहूब. बिघाड मात्र खोटा असतो. आमचं म्हणणं एवढंच आहे की, असा गेम बनवायचा असेल तर अधूनमधून येणारा बिघाड खऱ्यासारखा बनवा. आणि ‘आपोआप ठीक झालं’ या क्षणाला खेळाडूला सुटका देऊ नका, तिथंच त्याची परीक्षा घ्या.

गेममध्ये नेमकं काय असतं?

ज्यांनी हे गेम पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. यात तुम्ही इंजिन चालवत नाही. तुम्ही स्टेशन मास्तरच्या किंवा कंट्रोलरच्या खुर्चीत बसता. समोर रुळांचा नकाशा. कुठल्या रुळावर गाडी उभी आहे ते लाल रेषेनं दिसतं. सांधे बदलायचे, रस्ता लावायचा, सिग्नल द्यायचा, समोरासमोरच्या गाड्यांचं क्रॉसिंग कुठे घ्यायचं ते ठरवायचं. ‘सिमसिग’ हा ब्रिटनमधला प्रसिद्ध सिम्युलेटर याच जातीचा. तिथल्या खऱ्या सिग्नल बॉक्सवर तो बेतलाय. लाल सिग्नलपाशी गाडी अडली की ड्रायव्हरचा फोन येतो, आणि बिघाड किती यावेत हेही आधी ठरवता येतं. ‘रेल रूट’सारखे गेम याच कल्पनेचं सोपं, रंगीत रूप आहेत.

सातारा-सांगलीच्या पोरांना हे खूळ का लागावं, हे सांगायला नको. पुणे-मिरज मार्ग आपल्या दारातून जातो. नीरा, लोणंद, आदर्की, वाठार, सातारा, कोरेगाव, रहिमतपूर, कराड, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली, मिरज ही नावं आपल्याला पाढ्यासारखी पाठ. हा मार्ग वर्षानुवर्षं एकेरी होता, म्हणून ‘क्रॉसिंग’ हा शब्द इथल्या प्रवाशाला वेगळा शिकवावा लागत नाही. कोयना एक्स्प्रेस छोट्या स्टेशनात का थांबलीय, तर समोरून गाडी यायचीय, हे शाळकरी मुलगाही सांगतो. गेल्या काही वर्षांत दुहेरीकरण आणि विद्युतीकरणाच्या कामांनी मार्गाचं रूप बदललं, पण तो मनातला नकाशा तसाच आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. कराड, सातारा, सांगलीच्या अभ्यासिकांमध्ये रेल्वे भरतीची तयारी करणारे तुमचेच मित्र बसलेत. एनटीपीसीतून स्टेशन मास्तर व्हायचं तर लेखी परीक्षेनंतर संगणकावरची अभियोग्यता चाचणीही द्यावी लागते. यातले काही जण उद्या खरंच त्या पॅनेलसमोर बसतील. वालचंदमधून किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकीतून बाहेर पडणारे काही जण सिग्नल विभागात जातील. गेम त्यांना नोकरी शिकवणार नाही, हे मान्य. पण हाताला आणि डोळ्यांना सवय लावतो हे नक्की. मग चुकीची सवय का लावायची?

रूळ खोटं कधी बोलतो?

आधी यंत्र समजून घेऊ, कारण खरा बिघाड यंत्रातून येतो.

पॅनेलवर जी लाल रेषा दिसते ती बहुतेक वेळा ट्रॅक सर्किटमुळे. त्याचा सगळ्यात साधा प्रकार असा : रुळाचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी विजेपासून तोडलेला असतो. एका टोकाला कमी व्होल्टेजचा पुरवठा, दुसऱ्या टोकाला रिले. रूळ मोकळा असेल तर वीज एका रुळातून रिलेपर्यंत जाते, दुसऱ्या रुळातून परत येते आणि रिले वर उचललेला राहतो. गाडी आली की तिची लोखंडी चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, वीज मधूनच परत फिरते, रिले खाली पडतो. पॅनेलवर लाल. यातली खरी हुशारी अशी की वायर तुटली, पुरवठा गेला, रूळ तुटला, तरी रिले पडतोच. म्हणजे शंका आली की यंत्र ‘गाडी आहे’ असंच सांगतं आणि सिग्नल लाल राहतो. रेल्वेच्या भाषेत हा ‘राइट साइड फेल्युअर’. गाड्या उशिरा धावतात, जीव वाचतो. याच्या उलट, गाडी असताना ‘रूळ मोकळा’ दिसला तर तो ‘राँग साइड फेल्युअर’. अगदी दुर्मीळ, आणि अगदी भयंकर.

आता आदर्कीच्या घाटात जुलैमधला पाऊस डोळ्यांसमोर आणा. रुळांखालची खडी मातीनं भरलेली असेल तर ओली झाल्यावर तिच्यातून वीज झिरपते. थोडी झिरपली तर फरक पडत नाही. खूप झिरपली तर रिलेपर्यंत पुरेशी पोचत नाही, तो गाडी नसताना पडतो. पाऊस थांबला, पाणी निचरलं, रिले परत वर. पॅनेलवर काय दिसलं? वीस मिनिटं लाल, मग सगळं ठीक. कुणी काही दुरुस्त केलेलं नाही.

असे स्वभाव प्रत्येक उपकरणाचे वेगळे. क्वचित वापरातल्या लूप लाइनच्या रुळावर गंज चढतो. मग चाक आणि रूळ यांचा विजेचा संपर्क नीट होत नाही, आणि हा बिघाड धोक्याच्या बाजूचा. दोन तुकड्यांमधल्या इन्सुलेटेड जोडावर लोखंडाचा चुरा साठला की गाडीच्या हादऱ्यानं कधी सर्किट जुळतं, कधी सुटतं. सांध्याच्या पात्यात खडीचा खडा अडकला की सांधा फिरतो, पण पूर्ण बसत नाही. परत फिरवला की खडा निसटतो आणि सगळं झकास. ॲक्सल काउंटर जाणारी-येणारी चाकं मोजतो; एक चाक मोजायचं राहिलं तर गाडी निघून गेली तरी तो ‘अजून आत आहे’ म्हणत बसतो. साखर हंगामात उसाचा ट्रेलर फाटकाच्या दांड्याला घासून गेला, दांडा किंचित वाकला, तर फाटक बंद होऊनही ‘बंद झालं’ ही खूण कधी मिळते, कधी नाही. ती मिळाल्याशिवाय सिग्नल पडत नाही, आणि दोन्ही बाजूंना ट्रॅक्टरांची रांग लागते.

हे सगळं इथलं आहे. ब्रिटनच्या गेममध्ये पानगळीचा त्रास असतो, कारण तिथं रुळावर चिरडलेल्या पानांचा थर बसतो. तो आपण जशाचा तसा उचलला तर हसू होईल. आपल्या मार्गाला आपले बिघाड हवेत : घाटातला पाऊस, कृष्णाकाठची काळी माती, एप्रिलमधलं ऊन, ऊस.

फाशाचा बिघाड आणि पावसाचा बिघाड

मग गेम काय करतात? बहुतेक जण सोपा रस्ता घेतात. कॉम्प्युटर फासा टाकतो. फाशात अमुक आकडा आला की सिग्नल बंद. ठरलेल्या वेळानं मेंटेनर येतो, सिग्नल चालू. पुन्हा फासा.

यात काय चुकलं ते आकड्यांत बघू. समजा, दर गाडीला बिघाडाची शक्यता शंभरात एक ठेवली. शंभर गाड्या गेल्या तरी एकही बिघाड न दिसण्याची शक्यता जवळपास ३७ टक्के निघते. आणि एक बिघाड झाल्यावर लगेच पुढच्या गाडीला पुन्हा होण्याची शक्यता? तीच, शंभरात एक. म्हणजे फाशाला आठवण नाही. काल काय झालं, आत्ता पाऊस आहे का, याच सांध्यानं सकाळी दोनदा त्रास दिला का, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. असा गेम चार दिवस खेळला की खेळाडू शिकतो की बिघाड हे नशीब आहे, आला तर भोगायचा, गेला की विसरायचा.

आता दुसरा हिशेब करा. शंभरातल्या चार गाड्या मुसळधार पावसात जातात असं धरा. पावसात दर चौथ्या गाडीला बिघाड, आणि कोरड्या हवेत दोन हजारांत एखाद्या वेळी. सरासरी काढली तर तीच येते, साधारण शंभरात एक. पण अनुभव पार वेगळा. आठवडाभर काही नाही आणि मग एका संध्याकाळी तासात तीनदा. खरा बिघाड असाच घोळक्यानं येतो.

यासाठी नवं गणित शोधायची गरज नाही. टेलिफोनच्या लाइनवर चुका अशाच घोळक्यानं येतात, हे बेल लॅब्जमधल्या गिल्बर्ट यांनी १९६० मध्ये आणि इलियट यांनी १९६३ मध्ये मांडलं. त्यांच्या मॉडेलमध्ये लाइनच्या दोन अवस्था असतात, चांगली आणि वाईट. चांगल्या अवस्थेत चुका जवळजवळ नाहीत, वाईट अवस्थेत ढिगानं. लाइन अधूनमधून एकीतून दुसरीत जाते, आणि कुठल्या अवस्थेत आहे हे बाहेरून दिसत नाही. चुकांवरून अंदाज बांधावा लागतो. इंजिनिअरिंगच्या पोरांनी हे मार्कोव्ह चेनच्या धड्यात वाचलेलं असेल. गेममध्ये प्रत्येक उपकरणाला अशी एक लपलेली तब्येत द्या. पाऊस, ऊन, हादरे आणि वय यांनी ती ढासळू द्या. कोडच्या दृष्टीनं हे एका सुट्टीच्या दिवसाचं काम आहे.

खरं कठीण काम पुढे आहे : माणसाचं.

मेंटेनर येतो आणि सगळं ठीक असतं

बिघाड झाला. तुम्ही मेंटेनरला फोन केला. तो दुसऱ्या स्टेशनवर आहे, यायला पाऊण तास. तो पोचेपर्यंत पाऊस थांबला. त्यानं मोजमाप घेतलं, सगळं बरोबर. ‘चेक केलं, ओके.’ तो खोटं बोलत नाही. त्या क्षणी खरंच ओके आहे. विमान आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुनियेत याला ‘नो फॉल्ट फाउंड’ म्हणतात आणि तिथंही ही जुनी डोकेदुखी आहे.

इथं गेमनं खेळाडूला खऱ्या पेचात टाकायला हवं. महालक्ष्मी मागे उभी आहे. कंट्रोलचा फोन वाजतोय, ‘काय झालं, गाडी का सोडत नाही?’ दिवा आता हिरवा देता येतोय. तुम्ही काय कराल? गाडी सोडून विषय संपवाल, की बिघाड रजिस्टरमध्ये वेळेसकट लिहाल, ‘पाऊस चालू होता, अमुक गाडीनंतर, आज दुसऱ्यांदा’ असं नोंदवाल, पुढच्या पाळीच्या मास्तरला सांगाल आणि मेंटेनरला पुन्हा बोलवाल? दुसरा रस्ता कंटाळवाणा आहे. आजच्या गेममध्ये त्याला एक गुण मिळत नाही, उलट उशिराचे गुण कापले जातात.

प्रत्यक्षात स्टेशन मास्तरच्या कामाचा मोठा हिस्सा हाच आहे. सिग्नल बिगडला तर गाडी लेखी अधिकारपत्रावर न्यावी लागते. सांध्याची खूण मिळत नसेल तर माणूस पाठवून सांधा हातानं लावायचा, क्लॅम्प आणि कुलूप घालायचं, मगच गाडी. काही आणीबाणीच्या बटणांना काउंटर जोडलेला असतो. बटण दाबलं की आकडा एकनं वाढतो आणि तो आकडा कारणासहित लिहून ठेवावा लागतो. स्टेशनवरचा डेटा लॉगर कुठला रिले किती वाजता पडला आणि उचलला, ते टिपत असतो. म्हणजे खऱ्या यंत्रणेनं विसरायला जागाच ठेवू नये असा प्रयत्न केलेला आहे. गेम मात्र विसरणाऱ्यालाच बक्षीस देतो.

एक सुटी वायर

‘एवढं काय त्यात, एक सिग्नल लुकलुकला तर’ असं वाटत असेल तर लंडनमधलं क्लॅपहॅम जंक्शन वाचा. १२ डिसेंबर १९८८, सोमवारची सकाळ, ऑफिसची गर्दी. सिग्नलच्या नूतनीकरणात रिले रूममधली एक जुनी वायर एका टोकाला सोडवली होती, पण कापली नव्हती, तिच्या टोकाला नीट इन्सुलेशनही केलं नव्हतं. नुसती बाजूला वाकवली होती. आदल्या दिवशी शेजारच्याच रिलेचं काम झालं, त्यात ती हलली आणि आपल्या जुन्या जागेला जाऊन टेकली. आता पुढच्या रुळावर गाडी असली तरी तो सिग्नल लाल होईना.

एका ड्रायव्हरला तो सिग्नल अगदी जवळ आल्यावर विचित्र वागताना दिसला. नियमाप्रमाणे तो पुढच्या सिग्नलपाशी गाडी थांबवून फोन करायला उतरला. मागून येणाऱ्या गाडीला मात्र तोच सिग्नल ‘चला’ म्हणत होता. ३५ माणसं गेली. चौकशीत पुढे आलं की ते वायरिंग करणाऱ्या तंत्रज्ञाला आधीच्या तेरा आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती, आणि काम झाल्यावर दुसऱ्या कुणी वायरी मोजून तपासल्या नव्हत्या.

या गोष्टीचा गेम बनवा म्हटलं तर बनवणारा काय करेल? अपघात दाखवेल. खरा गेम त्याच्या आधीच्या दिवसांत आहे : काम कुणी केलं, कुणी तपासलं, कुणी सही केली.

आपल्याकडचं तर अजून ताजं आहे. २ जून २०२३ ला ओडिशात बाहानगा बाजार स्टेशनवर कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा सिग्नल मिळाला, पण सांधा लूप लाइनकडे लागलेला होता. उभ्या मालगाडीवर ती आदळली. २९० हून जास्त लोक मेले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालानं सिग्नलच्या गुमटीतल्या सर्किटमध्ये आधी झालेल्या बदलांतल्या त्रुटींवर आणि ९४ नंबरच्या फाटकाच्या बॅरिअरच्या कामावर बोट ठेवलं. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या विषयाची. दोन रूळ जोडणाऱ्या सांध्यांचं वारंवार दिसलेलं विचित्र वागणं सिग्नल विभागाला वेळेवर कळवलं गेलं असतं तर उपाय करता आला असता, असं तो म्हणतो. १६ मे २०२२ ला त्याच खरगपूर विभागात बांकरानयाबाज स्टेशनवर चुकीच्या वायरिंगमुळे असाच प्रकार झाला होता, तेव्हाच धडा घ्यायला हवा होता, हेही त्यात आहे.

आणि हे सगळं दूर ओडिशातलं आहे असं समजू नका. मिरजेहून बेळगाव, हुबळीमार्गे बंगळूरला जाणाऱ्या रस्त्यावर होसदुर्ग रोड नावाचं स्टेशन लागतं. ८ फेब्रुवारी २०२३ ला तिथं सिग्नल मिळून गाडी निघाल्यावर पुढचा रस्ता चुकीचा लागल्याचं लोको पायलटच्या लक्षात आलं, त्यानं गाडी थांबवली म्हणून अनर्थ टळला. दक्षिण पश्चिम रेल्वेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यानं त्याबद्दल पत्र लिहून यंत्रणेतल्या त्रुटींचा इशारा दिला होता. बाहानगाच्या चार महिने आधी.

‘मग गेमची मजा कशी राहणार?’

हा आक्षेप रास्त आहे. दर पाच मिनिटांनी काहीतरी बंद पडणारा गेम कुणी खेळणार नाही. पण आम्ही बिघाड वाढवा म्हणत नाही. बिघाड कमी ठेवा, पण त्यांना कारण द्या. कारण आलं की गेम आपोआप शोधकथा होतो. तीन दिवसांच्या नोंदी चाळताना ‘अरे, हा सांधा दुपारी दोन ते चारमध्येच त्रास देतोय’ हे सापडणं यात मजा नाही, असं कोण म्हणेल? गुन्हेगार शोधणाऱ्या वेब सिरीज आपण रात्रभर बघतोच की.

दुसरा आक्षेप असा की रेल्वेकडे स्वतःचं प्रशिक्षण आहे, आपण कशाला? आहेच. भुसावळला मध्य रेल्वेची विभागीय प्रशिक्षण संस्था आहे, सिकंदराबादला १९५७ पासून सिग्नल आणि दूरसंचार अभियंत्यांची ‘इरिसेट’ ही संस्था आहे. त्यांची जागा मोबाइलवरचा गेम घेणार नाही आणि घेऊही नये. पण तिथं पोचण्याआधीची दहा वर्षं पोरगं काय खेळतं, यावर कुणाचा अभ्यासक्रम नाही. शिवाय जो रेल्वेत जाणार नाही, तो प्रवासी म्हणून, पत्रकार म्हणून, मतदार म्हणून तरी ‘तांत्रिक बिघाडामुळे गाडी उशिरा’ या घोषणेमागे काय असतं हे समजू शकेल. उशीर झाला म्हणून स्टेशन मास्तरच्या केबिनवर धावून जाणाऱ्या गर्दीत त्यातला एक माणूस कमी झाला तरी कमाई आहे.

तिसरा आक्षेप मात्र आम्हाला जास्त पटतो. अलार्म फार झाले की माणूस ते ऐकायचं बंद करतो. वॉशिंग्टनच्या मेट्रोत २२ जून २००९ ला नऊ जण गेले. ट्रॅक सर्किटला उभी गाडी दिसलीच नव्हती. त्या यंत्रणेत अलार्म रोज इतके वाजायचे की त्यातला खरा कुठला हे कुणी बघत नव्हतं. म्हणून बिघाड खरा करताना गोंगाट खरा करायचा मोह आवरा, आणि निदान एका लेव्हलमध्ये हाच गोंगाट शत्रू म्हणून दाखवा.

आता तुमच्याकडे येतो

हे काम इथं होऊ शकतं. सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी, साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील, साखराळ्याचं राजारामबापू, सगळीकडे शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट आहेत. दरवर्षी तेच ते हजेरीचं ॲप आणि तीच ती स्मार्ट कचराकुंडी करण्यापेक्षा एका स्टेशनाचा सिग्नलिंग गेम करा. स्टेशन काल्पनिक ठेवा, माती आणि पाऊस खरा ठेवा.

टेबलावर ट्रॅक सर्किट सहज बनतं. लोखंडाच्या दोन पट्ट्या, एका टोकाला सेल आणि रेझिस्टन्स, दुसऱ्या टोकाला व्होल्टेज मोजणारा आर्डुइनो. पट्ट्यांच्या मध्ये खडी आणि शेतातली माती भरा, झारीनं पाणी घाला आणि आकडा कसा उतरतो, माती सुकताना कसा चढतो, ते दर मिनिटाला टिपा. हाच आलेख तुमच्या गेममधल्या पावसाचा बिघाड. एक पट्टी गंजवून बघा, वर हलकं चाक ठेवा. मात्र खऱ्या रुळावर एक पाऊलही टाकू नका. रेल्वे कायदा, १९८९ प्रमाणे विनापरवाना रुळावर जाणं गुन्हा आहे आणि सेल्फीपायी किती जीव जातात हे वेगळं सांगायला नको.

मग माणसांकडे जा. मिरज हे जुनं जंक्शन. तिथं आणि साताऱ्यात निवृत्त स्टेशन मास्तर, सिग्नल मेंटेनर, गेटमन, सांधेवाले काका भेटतील. त्यांना मोठा अपघात विचारू नका. विचारा, ‘काका, येऊन-जाऊन त्रास देणारं तुमच्या स्टेशनवर काय होतं? तुम्ही ते कसं ओळखलं? कुणाला सांगितलं? ऐकलं का त्यांनी?’ या चार प्रश्नांतून जे मिळेल ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. आर्ट्स आणि मास कॉमच्या मंडळींना इथं भरपूर काम आहे : फोनवरचे आवाज, मराठी-हिंदी मिसळलेली बोली, रजिस्टरमधली भाषा, पाळी बदलतानाची दोन मिनिटांची बोलणी. गेम खरा वाटतो तो यामुळे.

सीनारियोसुद्धा घरचे निवडा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती, पहिल्या फेरीत दहा वाघिणी. त्या दिवसांतल्यासारखी एक गाडी गेममध्ये आणा. पुढे तहानलेलं शहर, मागे वरिष्ठांचे फोन, आणि मध्ये एक सांधा, जो सकाळी एकदा नीट बसला नव्हता आणि आता बसतोय. गाडी थांबवायला या घटकेला जिगर लागते. ती जिगर गेमनं मोजावी.

शेवटी मागणी एकच, आणि ती गेम बनवणाऱ्या प्रत्येकाकडे आहे. गुणांच्या तक्त्यात एक रकाना वाढवा : ‘नोंद’. बिघाड आपोआप गेला तरी ज्यानं तो वेळेसकट लिहिला त्याला गुण द्या. पुढच्या पाळीला ज्यानं सांगितलं त्याला गुण द्या. तिसऱ्यांदा त्याच सांध्यावर ‘ओके’ ऐकून ज्यानं मेंटेनरला चौथ्यांदा बोलावलं आणि त्यापायी कोयना बारा मिनिटं उशिरा सोडली, त्याला सगळ्यात जास्त गुण द्या. खऱ्या स्टेशनात या गोष्टीसाठी कुणी टाळ्या वाजवत नाही. गेममध्ये तरी वाजू द्यात.